चाळीस मिनिटांचा कोर्स

भूषणच्या कपाळावरची पट्टी हिरवी झाली, तेव्हा काचेपलीकडे बसलेल्या राजवाडे सरांनी टेबलावर अशी थाप मारली की चहाचा कप बशीत नाचला. पिंपळगावच्या शीतगृहातला हा शेवटचा माणूस. तोही चाळीस मिनिटांच्या आत शिकून मोकळा झाला होता.

“दे अंगठा,” सर म्हणाले. “सहा दिवसांचा कोर्स चाळीस मिनिटांवर आणलास. एवढी कापणी आजवर आपल्याकडे कुणी केलेली नाही.”

वृषाली शिरसाठने पडद्यावरच्या चौकोनाकडे पाहिलं. ‘कालावधी मान्य’ असं तिथे लिहिलं होतं आणि खाली अंगठ्याची जागा. कोर्सची लांबी यंत्र सुचवेल, पण ठरवेल माणूसच, असा कायदा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. नाशिकच्या या कंपनीत तो माणूस म्हणजे वृषाली. कार्डावर ‘कालावधी तज्ज्ञ’ असं भारदस्त नाव होतं. तिचे वडील अण्णा मात्र विचारणाऱ्याला सरळ सांगत, “आमची पोरगी धडे कापते.”

आणि खरंच ती धडे कापत असे. पूर्वी कोर्स किती लांब असावा हे फी ठरवायची, नाहीतर शिकवणाऱ्याची हौस. पट्टी आली आणि तो सगळा कारभार संपला. माणूस काही नवं शिकतो तेव्हा मेंदूच्या आत, खोलवर, त्या गोष्टीची उजळणी सुरू होते. पापणी लवायच्या आत सगळा धडा पुन्हा एकदा फिरवला जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. सुरुवातीच्या उजळण्या अडखळत्या असतात, दर वेळी वेगळ्या. मग त्यांचा एक ठसा बनतो. तो ठसा बदलायचा थांबला की पट्टी हिरवी होते. कंपनीत याला ‘मुरलं’ म्हणत. मुरल्यानंतर शिकवत राहणं म्हणजे भरल्या माठात पाणी ओतणं, असं राजवाडे सर प्रत्येक भाषणात सांगत, आणि त्यावर टाळ्याही पडत.

हिशेब ठेवणं, इंग्रजी बोलणं, ड्रोन दुरुस्त करणं, सगळे कोर्स वृषालीने असेच कापले होते. शिकणारे खूश होते. कुणाला महिनाभराची रजा काढावी लागत नव्हती, कुणी मध्येच सोडून जात नव्हतं. पण त्या कोर्सांत चुकलं तर फार तर काम पुन्हा करावं लागे. हा कोर्स अमोनियाच्या गळतीचा होता. द्राक्षं थंड ठेवणाऱ्या नळ्यांतून तो वायू फिरतो, आणि नळी फुटली तर माणसाला श्वास घ्यायला फारसा अवधी देत नाही. इथे चुकलं तर माणूस जाणार होता, आणि त्या माणसांत तिचा सख्खा धाकटा भाऊ भूषण होता.

“सर, जुना कोर्स सहा दिवसांचा का होता?”

“कारण तेव्हा पट्टी नव्हती.”

“रोज तेच. भोंगा, तोंडाला ओलं फडकं, वाऱ्याला आडवं पळायचं, बाहेर माणसं मोजायची. सहा दिवस तेच ते. कुणीतरी विचार करून ठेवलं असेल ना?”

“कुणीतरी आळस करून ठेवलं असेल. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या पट्टीवर काय दिसतं? निव्वळ कंटाळा.” सरांनी घड्याळाकडे पाहिलं. “सोमवारी शीतगृहवाल्यांची बैठक आहे. दाखला नाही तर एकाचंही शीतगृह हंगामात उघडत नाही. द्राक्षं थांबायची नाहीत, वृषाली.”

“एक सराव करून बघू. खोटा धूर, खरा भोंगा. मग लगेच अंगठा देते.”

सरांनी नकार द्यायला तोंड उघडलं. मग त्यांचा चेहरा खुलला. सरावाचं चित्रीकरण बैठकीत दाखवता येईल, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. ते हो म्हणाले. वृषाली त्यांच्या खोलीतून बाहेर पडली आणि सवयीने दार ओढून घट्ट लावलं. मागून सरांचा आवाज आला, “अगं, पंख्याखाली बसलोय मी, उकडतंय. राहू दे की ते दार उघडं.”

तिच्या या सवयीची ऑफिसात थट्टा व्हायची. पण त्यात तिचा दोष नव्हता. ती शीतगृहाच्या आवारातल्या खोल्यांत वाढली होती. अण्णांची सगळी नोकरी तिथे गेली, आता भूषण तिथेच देखरेखीला होता. त्या आवारात मूल बोलायला लागलं की आई-बाबांच्या पाठोपाठ तिसरा शब्द शिकायचं तो ‘दार’. थंड खोलीचं दार क्षणभर उघडं राहिलं की गारवा जातो, गारवा गेला की माल जातो, माल गेला की मालक बोलतो. म्हणून जो बाहेर येईल त्याने दार सरकवायचं, दांडा खाली दाबायचा. हात भरलेले असले तर कोपराने, नाहीतर पाठीने. पुढे ते इतकं अंगात भिनलं की घरातलं फडताळ, न्हाणीघर, पाहुण्यांच्या गाडीचं दार, काहीच उघडं राहीना. भूषणच्या लग्नात नवी सून उंबरठा ओलांडून आत आली आणि अण्णा पहिलं वाक्य बोलले ते, “पोरी, दार.” बिचारी रडकुंडीला आली होती.

सरावाच्या दिवशी सकाळी वृषाली आवारात पोचली तेव्हा अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते आणि भूषण इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता.

“ताई, एक सांगू का?” तो तिला बाजूला घेऊन म्हणाला. “मालक म्हणले, हंगाम वेळेवर सुरू झाला तर मॅनेजर म्हणून माझंच नाव. पहिली गाडी शुक्रवारी लागू ऱ्हायली. तुझ्या त्या अंगठ्यापायी अडलंय सगळं.”

“आज होऊन जाईल.”

“व्हईल ना नक्की?”

“अरे, तुझीच पट्टी सगळ्यांत आधी हिरवी झाली होती,” ती म्हणाली. ते खरं नव्हतं, पण भावाचा चेहरा उजळला.

सरावाची तयारी साधीच होती. मोठ्या थंड खोलीत क्रेटच्या थप्प्या, त्यामध्ये अरुंद बोळ. निरुपद्रवी धूर सोडणारं एक यंत्र, आणि नाकाला झिणझिण्या याव्यात म्हणून अमोनियाचा नावापुरता वास. आत भूषण, शकील आणि त्यांचे चार सोबती, आणि वृषाली स्वतः. तिनेही तो चाळीस मिनिटांचा कोर्स केला होता आणि तिचीही पट्टी हिरवी होती. कोर्समधली शेवटची सूचना तर तिनेच लिहिलेली होती: ‘बाहेर माणसांची मोजणी होईपर्यंत दार लावायचं नाही.’ आत जाण्याआधी तिने प्रत्येकाला तेवढं विचारून घेतलं. प्रत्येकाने बरोबर सांगितलं. शकील तर हसून म्हणाला, “ताई, झोपेत विचारा.”

भोंगा वाजला.

तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही. भोंगा छातीत शिरला. दिवे गेले, धूर पांढऱ्या भिंतीसारखा पुढ्यात आला आणि तो वास नाकात गेल्याबरोबर हे सगळं खोटं आहे ही गोष्टच ती विसरली. फडकं तोंडाला लावायचं तिला आठवलं. ती वाकून पळाली, कुणाचा तरी खांदा लागला, कुणीतरी खोकत होतं. मग उजेड, ऊन, खडी. तिचे डोळे वाहत होते. सगळे वाऱ्याला आडवे, बरोबर ठरल्या जागी जाऊन उभे राहिले. राजवाडे सर लांबून अंगठा वर करून दाखवत होते.

“भूषणभाऊ कुठंय?” शकील म्हणाला.

मोजणी करायची होती भूषणने. आतल्या शेवटच्या बोळात कुणी राहिलं नाही ना, ते बघून मग बाहेर यायचं आणि मोजायचं, असं त्याचं काम होतं. म्हणून मोजणी सुरूच झाली नव्हती. वृषालीने वळून पाहिलं. खोलीचं दार बंद होतं. दांडाही खाली दाबलेला होता.

“उघडा,” ती ओरडली.

शकीलने दांडा वर केला, पण दार हलेना. बाहेरची गरम हवा आत जाऊन थंड झाली की आकसते आणि दाराला आतून ओढून धरते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. एरवी कुणी त्याचा विचारही करत नसे, दोन मिनिटं थांबून उघडत. आतून उघडायची एक मूठ होती, तिच्यावर बर्फ धरला होता. एवढं जाड दार, त्यामुळे आत भूषण हाक मारतोय की निपचित पडलाय, काही कळायला मार्ग नव्हता. सगळे मिळून ओढू लागले. वृषालीने नखं रबरात रुतवली, एक नख मुळापासून मोडलं, ते तिला नंतर दिसलं. धूर निरुपद्रवी आहे, धूर निरुपद्रवी आहे, असं ती मनात म्हणत होती आणि तिच्याच मनाला ते पटत नव्हतं. शेवटी कुणीतरी पहार आणली. दार उचकटलं तेव्हा भूषण उंबऱ्याशीच बसलेला होता. ओठ पांढरे, तळहात दारावर आपटून लाल झालेले.

“कोन गाढव आहे रे तो?” तो उठता उठता म्हणाला. “दार कोनी लावलं?”

प्रत्येकजण आपण नाही म्हणून शपथ घ्यायला तयार होता आणि सगळ्यांत मोठ्याने वृषाली. मग राजवाडे सरांच्या माणसाने चित्रीकरण मागे नेऊन लावलं. धुरातून एक बाई वाकून बाहेर येते, खोकते. आणि न वळता, न बघता, पाठीने दार सरकवते आणि कोपराने दांडा खाली दाबते. अगदी सराईतपणे. मग ठरल्या जागी जाऊन उभी राहते.

वृषालीने ते चित्र तीनदा पाहिलं. त्या बाईच्या कपाळावरची पट्टी पूर्ण वेळ हिरवी होती.

त्या दिवशी अजून दोनदा सराव झाला, या वेळी आत कुणीही राहणार नाही अशी काळजी घेऊन. दुसऱ्यांदा दार शकीलने लावलं. तिसऱ्यांदा खुद्द भूषणने. दर वेळी दार लावणाऱ्याला ते चित्र दाखवेपर्यंत पटत नव्हतं. आणि दर वेळी नियम विचारला की उत्तर अचूक येत होतं.

गाडीत बसल्यावर वृषालीला कळलं की चूक कुठे झाली, आणि तिला धडकी भरली. मेंदूत शिकण्याची दोन घरं असतात, हे ती कॉलेजात शिकली होती. एकात माहिती राहते. ती झटकन येते, आणि पट्टी तेवढंच घर बघते. दुसऱ्यात सवय राहते. तिथे काहीही झटकन होत नाही, आणि तिथलं सहसा पुसलंही जात नाही. जुन्या सवयीवर नवी सवय चढवावी लागते, रोज थोडी थोडी, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा आल्यावरही. माणूस घाबरला की मेंदू पहिल्या घराला विचारायलाच जात नाही. सगळा कारभार दुसऱ्या घराच्या हातात जातो. पट्टीला जी नासाडी दिसत होती, ते सहा दिवसांचं तेच ते, खरं काम करत होतं. कुठल्याही दुसऱ्या कारखान्यात चाळीस मिनिटं कदाचित पुरली असती. इथे शिकवायचं नव्हतं, आयुष्यभराचं एक शिकलेलं मोडायचं होतं.

“ठीक आहे,” ऑफिसात राजवाडे सर सगळं ऐकून म्हणाले. “ती सूचना लाल अक्षरात टाकू. दोनदा टाकू. बेचाळीस मिनिटं कर.”

“सर, माहिती सगळ्यांना आहे. हाताला नाही.”

“मग काय, परत सहा दिवस?”

“सहाही पुरतील की नाही, मला माहीत नाही.”

सर उठून खिडकीशी गेले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. “तुला कळतंय का तू काय बोलतेस? हा एक कोर्स लांबला तर उद्या प्रत्येकजण विचारेल, बाकीचे कोर्स खरंच मुरलेत का. कंपनी उभी आहे ती त्या हिरव्या दिव्यावर. तू नाही केलंस तर दुसऱ्या कुणाचा अंगठा घेईन मी.”

“घ्या. पण आजचं चित्रीकरण माझ्या शेऱ्यासोबत सरकारच्या सुरक्षा विभागाकडे जाईल. कोर्सचं काम माझ्या नावावर आहे, तेवढा हक्क मला आहे.”

तिने चित्रीकरणाची प्रत उचलून पिशवीत टाकली.

संध्याकाळी भूषण तिच्या घरी आला. दारातच उभा राहिला, आत येईना.

“ताई, आतमधी मी अडकलो होतो, तू नाही. मीच सांगू ऱ्हायलो, दे अंगठा.”

“आणि खरंच फुटली नळी तर?”

“अण्णांच्या सबंध नोकरीत फुटली का कधी? मूठ साफ करून घेऊ. बर्फ काढू रोज. आम्ही काय लहान आहे का?” त्याने चौकटीवर हात टेकला. “शुक्रवारची गाडी गेली तर ती दुसऱ्या शीतगृहाकडं जाईल, आणि माझी मॅनेजरी पण. तुला तुझ्या यंत्राची चूक काढायची, त्याच्यापायी माझा बळी काहून देती?”

“यंत्राची चूक नाही भूषण. माझी चूक आहे. मी दार लावलं तुझ्यावर.”

“मी माफ केलं ना पण.”

तिला त्या वाक्याने रडू फुटलं. तो हो किंवा नाही ऐकायला थांबला होता. तिने नाही म्हटलं. तो गेला, आणि जाताना त्याने दार लावलं, हळूच आणि घट्ट, जसं ते दोघं लहानपणी शिकले होते तसं.

दुसऱ्या दिवशी, सरांनी दुसऱ्या कुणाचा अंगठा घ्यायच्या आत, वृषालीने चौकोनात आपला कालावधी लिहिला. पंधरा दिवस, रोज दहा मिनिटं, रोज खरा भोंगा. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत आठवड्यातून एकदा, न सांगता. खाली शेरा लिहिला: ‘हा आकडा माझा अंदाज आहे. सरावात एकदाही दार लागलं, तर पुन्हा पहिल्यापासून.’ मग अंगठा दिला.

व्हायचं ते झालं. सुरक्षा विभागाने कोर्स तसाच मंजूर केला. शीतगृहांना त्यापायी उशीर झाला. शुक्रवारची गाडी, जिथे दाखल्याची अट नव्हती अशा परजिल्ह्यातल्या शीतगृहाकडे गेली, आणि मॅनेजर म्हणून मालकाने आपला भाचा आणून बसवला. वृषालीला कंपनीने काढलं नाही, पण पाककृतींच्या विभागात पाठवलं. तिथे ती उकडीचे मोदक किती वेळात शिकवावेत हे ठरवू लागली, आणि राजवाडे सर जिन्यात भेटले तरी मान दुसरीकडे वळवू लागले. भूषणने बोलणं टाकलं. आवारातली खबर अण्णांच्या फोनवरून यायची. रोज तो मेला भोंगा वाजतो, दुपारची झोप मोडते, पोरं दार उघडं टाकून उभी राहतात, सगळा गारवा वाया जातो, असं ते तक्रारीच्या सुरात सांगत. भूषणबद्दल विचारलं की म्हणत, “आहे. जेवतो.”

एवढ्यावर ती रात्री झोपायची. आपण बरोबर वागलो की नुसता हट्ट केला, हे तिला ठरवता येत नव्हतं. नळी फुटली नाही तर ते कधीच कळणार नव्हतं. आणि फुटावी असं तर तिला स्वप्नातही वाटणं शक्य नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती मोदकाच्या कळ्यांवर वाद घालत बसली होती, तेव्हा फोनवर भूषणचं नाव दिसलं. तिने फोन उचलला. पलीकडे भोंगा वाजत होता आणि भूषण खोकत होता. तो धड बोलूही शकत नव्हता.

“भूषण? सराव आहे ना रे? सराव आहे ना?”

“नाही,” तो म्हणाला. “सराव नाही ताई. खरी फुटली. दोन नंबरची खोली.”

तिला पुढचं विचारवेना. तरी तिने विचारलं. “मोजणी?”

“केली. एक कमी भरला.” तो पुन्हा खोकला. मधले ते क्षण वृषालीने कसे काढले, ते तिलाच ठाऊक. “शकील. मागच्या बोळात पडला होता. मंग उजेड दिसला म्हणला, उजेडाकडं रांगत आला. डोळे सुजलेत, आत्ताच गाडीत घालून दवाखान्याकडं धाडला. बोलतोय. बरा व्हईल म्हणले डॉक्टर फोनवर.”

“उजेड कुठून दिसला?” तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, पण ते तिला त्याच्या तोंडून हवं होतं.

भूषणने फोन हवेत उंच धरला. भोंग्याच्या आवाजाआड, लांबून, म्हातारा पण खणखणीत ओरडा ऐकू येत होता.

“ऐकू येतंय का?” भूषण म्हणाला. तो हसत होता की रडत होता, सांगता येत नव्हतं. “अण्णा हाये. तिकडं लांब ओट्यावर हुभे राहून मघापासून शिव्या देऊ ऱ्हायले. दार लावा, दार लावा म्हणून. ताई, एकानं पण ऐकलं नाही बघ त्यांचं.”